तूक

सेटलमेंटचा चेक वटला त्या शनिवारी
मी आणि इराप्पा मॉलच्या चौथ्या मजल्यावर गेलो,
भाड्याचे बूट घातले, दोन्ही पायांत वेगळा रंग.
काउंटरवरची फिलोमिना म्हणाली,
"बॉल बघून घ्या, काका. नंबर म्हणजे पौंड."
पौंड?
आमच्या हातांना किलो कळतात,
त्याहून जास्त लॅडल कळतं, दोघांनी धरलेलं,
आत पिवळंधमक लोखंड, आणि श्वास रोखलेला.

मी सोळाचा उचलला.
का, ते विचारू नका. पोरंटोरं बघत होती.
इराप्पा मात्र एकेक तळहातावर घेऊन, डोळे मिटून,
संकेश्वरच्या बाजारात मिरची जोखावी तसा जोखत होता.
"तूक एष्टु?" त्यानं विचारलं.
तूक.
हा शब्द आईच्या तोंडात होता,
"तांदूळ तुकून घे रे," म्हणायची, येळ्ळूरला.
इराप्पाकडं तो अजून रोजच्या वापरात आहे,
आमच्याकडं माळ्यावर.

पहिला बॉल हातातनं वेळेवर सुटलाच नाही,
मीच दोन पावलं त्याच्या मागं ओढला गेलो.
मग धप्प, आणि नाली.
दुसराही नालीतच, जरा लांब जाऊन.
मनगटातली स्टीलची पट्टी
(साच्याचा बॉक्स निसटला होता, अकरा साली)
बोलायला लागली.

फिलोमिना हसली नाही. हे मी लक्षात ठेवलंय.
बाराचा आणून दिला.
"हात नुसता लोंबकळू द्या. खांदा ओढला गेला, तर जड.
मूठ आवळावी लागली, तर होल सैल."
होल सैलच होतं.
तिनं आतून टेप चिकटवली, एक पट्टी, अजून एक,
बेअरिंगखाली शिम घालावी तशी.
तेव्हा पोरगी मला उद्यमबागेतली वाटली.

मग तिनं बॅगेतनं स्वतःचा काढला,
काळ्या द्राक्षाच्या रंगाचा, आत धूर गोठल्यासारखा.
"हा वळतो," म्हणाली.
लेनच्या पुढच्या भागाला तेल असतं, तिथं घसरत जातो,
तेल संपलं की कोरड्या लाकडाला धरतो.
पॉलिश केला तर उशिरा वळतो, झटक्यात.
पेपरनं घासला तर लवकर, सावकाश.
"आणि आतला कोर मधोमध नसतो.
मुद्दाम."

मुद्दाम!
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
कोर दोन मिलिमीटर सरकला म्हणून
किती पंपांच्या बॉड्या परत भट्टीत गेल्या,
मिरजकर इन्स्पेक्टरच्या खडूनं किती फुल्या मारल्या,
एका दिवाळीचा बोनस त्यातच गेला.
आणि इथं सरकलेल्या कोरचे पैसे जास्त.

"एवढं वळवून काय मिळणार मर्दा? सरळ टाक की."
इराप्पा सरळच टाकतो,
प्लास्टिकचा हिरवा, अकराचा,
सात पिना, आठ पिना, परत सात,
कामावर सायकलनं यायचा तसा,
ना लवकर, ना उशिरा.

मी द्राक्षाचा मागितला. दिला तिनं.
होलं तिच्या मापाची, माझा अंगठा मावेना.
"बाहेरच ठेवा. हल्ली दोन हातांनी टाकतात."
दोन हात म्हटल्यावर शिकायचं काही उरलं नाही.
लॅडल कलंडवताना शेवटाला
मनगट आपोआप वळतं,
धार तुटू न देता,

बॉल उजव्या काठानं निघाला, नालीला लगटून.
"होय्तु, होय्तु," इराप्पा म्हणाला, गेला, गेला,
आणि तिथं तेल संपलं.

काठावरनं आत वळला.
(यावर कुणी भाषण करू नये.
भाषणं ऐकण्यात आमचं तारुण्य गेलंय,
त्याचं चन्नम्मा चौकात, माझं दुसऱ्या चौकात.)

नऊ पडल्या.
दहावी हलली, विचार केल्यासारखी,
आणि उभी राहिली.

"ही वळणाऱ्याची नाही," फिलोमिना म्हणाली.
मी बाजूला झालो.
इराप्पानं पँटला हात पुसले,
हिरवा उचलला,
आणि टाकण्याआधी, सवयीनं,
तळहातावर एकदा तुकला.