इतर (नमूद करा)

मिरजेहून निघताना बर्फ भरून घेतला होता,
सावळजच्या पुढं येईतो निम्मा झाला.
पेटीत चाळीस रिकाम्या नळ्या,
पिशवीत चाळीस फॉर्म,
रस्त्याच्या दोन्ही अंगाला छाटणी झालेल्या बागा
तारांवर हात पसरून उघड्या उभ्या.

जतकडच्या बायका पहाटेच उतरल्या होत्या टेम्पोतून.
प्रत्येकीच्या हातात डबा, डब्यात गुलाबी पेस्ट,
काडीच्या एकेका डोळ्याला बोटानं लावायची.
रंग एवढ्यासाठी, की कुठला राहिला ते कळावं.
डोळा फुटला पाहिजे.
वेलीचा.

नाव?
निलव्वा.
वय?
ती शेजारणीकडं बघते. घाला चाळीस, शेजारीण म्हणते.
मालकाचं नाव?
आजच्या का कालच्या?
मुकादमाचं आडनाव तिला ठाऊक नाही,
मोबाईल नंबर मात्र दहाच्या दहा आकडे पाठ.

हातमोजे?
दिलते की. जोडी एक, आम्ही अकरा.
सगळ्या हसतात.
मग ती समजावून सांगते, मी विद्यार्थी असल्यासारखं:
मोज्याला डोळा कळत न्हाई ओ सायेब,
बोटाला कळतो.

फॉर्मवर चौकोन आहेत.
मळमळ. चक्कर. खाज. डोळ्यांतून पाणी.
होय, नाही, सांगता येत नाही.
ती चौकोनाच्या बाहेरचं सांगते:
रात्री भाकरी थापताना पिठाला वास येतो.
बाळ पिताना तोंड फिरवायचं,
तवापासनं आधी छाती साबणानं धुती, मग त्याला घेती.
नवरा पेस्ट लावून आला अन् घोटभर प्याला,
तर तोंड टोमॅटोगत लाल, काळीज उडतंय,
लोक म्हणाली, बाटलीच खोटी असंल.

मी लिहितो: इतर (नमूद करा).
पुढं जागा दीड इंच.

शेजारच्या बागेत ब्लोअर सुरू होतो.
मोरचुदाचं निळसर धुकं बांध ओलांडून येतं,
बायका पदर नाकाला लावतात,
माझ्या तोंडाला मास्क आहे,
मी तो उगाचच नीट करतो.

सुई टोचताना ती हात मागं घेत नाही.
रक्ताकडं बघत विचारते,
गेल्या सालीबी नेलंतं.
एक मॅडम आल्त्या, बिस्किटाचा पुडा दिलता.
काय निघालं वो त्यात?

त्या नळ्या माझ्याच टेबलावर आल्या होत्या.
मीच वाचल्या. आकडे कमी होते.
पण कशापेक्षा कमी?
हंगामाआधीचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं.
प्रकल्पाची मंजुरी ऑक्टोबरची,
बायका ऑक्टोबरात बागेत,
आणि बागेत आल्यावर जे रक्त मिळतं
त्यात बाग आधीच असते.
शेवटी मी टाईप केलं,
निष्कर्ष काढता येत नाही.
जेवायला गेलो.

एवढं सगळं तिला सांगत नाही.
म्हणतो, आधीचं रक्त लागतं ताई, तुलना करायला.
ती कापूस दाबून धरते, विचार करते.
मंग बेंदराला या की आमच्या गावाला.
तवा हात आमचं आमचं असत्यात.

बेंदूर.
मंजुरीच्या कुठल्या कागदात हा महिना बसवायचा,
प्रवासभत्त्याच्या कुठल्या रकान्यात?

मुकादम बांधावरनं ओरडतो,
किती वेळ चाललंय, का रक्त घ्यायला सांगली केलीय?
तिची एक ओळ मागं पडलीय.
संमतीचा अंगठा राहिला, मी म्हणतो,
आणि पिशवीत शाईची डबी शोधतो,
तोवर तिनं उठवलेलासुद्धा असतो.

गुलाबी.

संध्याकाळी तासगावच्या स्टँडवर पेटी उघडून बघतो.
बर्फाचं पाणी झालंय, नळ्या अजून गार.
फॉर्म सरळ करायला जातो तर एक निघत नाही,
निलव्वाचा अंगठा वाळता वाळता
खालच्या कोऱ्या फॉर्मला चिकटलाय.
हळू ओढतो.
निम्मा इकडं येतो, निम्मा तिकडं राहतो,
त्या तिकडच्यावर उद्या
दुसऱ्या कुणाचंतरी नाव लिहायचंय.