गंज

भाषेचं नाव ऐकून बसलिंगअप्पा हसले:
"गंज? लोखंडाला लागतो त्यो?
बरंय की. गंजगोलाईत दुसरं काय चालणार हाय."

लातूर. खाली त्यांची अडत, सोयाबीनची थप्पी,
वर इन्व्हर्टरवर माझा जुना लॅपटॉप.
मी चार रस्ते आखले:
पट्टी मागा, पट्टी लिहा, पट्टी बदला, पट्टी खोडा.
चौथा अप्पांनी बंद करायला लावला.
वहीतलं खोडत नसतात,
रेघ मारून वर बरोबर आकडा लिहितात.

कंपायलरनं तीन दिवस दारातच अडवलं.
उसनं परत आल्याशिवाय मालकाला हलू देईना,
दोघांना एकदम लिहू देईना.
मी चिडले. अप्पांना नवल वाटलं नाही:
"एका वहीत दोन टाक चालत नसतेत, पोरी.
वाचू दे की शंभर जणाला."

आणि ते अनरॅप!
गौसभाई पोत्यात परखी खुपसतात,
तळहातावर दाणे फुंकतात,
मग बोलतात.
मी जागोजागी न बघताच पोती उसवली होती.
पहिल्या सौद्याला, सव्वाअकराला,
एक रिकामं निघालं
आणि अख्ख्या मोंढ्याच्या मोबाईलवर पाचशे.
"पाचशे? कशाचा भाव?" अप्पांनी विचारलं.

रात्रभर बसून एकेका ठिकाणी परखी मारली.
तेव्हापासून चालूच आहे. अकरा एमबीत.

अमावास्येला मोंढा बंद, लॉग ओस.
फक्त एक मोबाईल, रात्री दोनपासून:
पट्टी ४१२. ४०४.
पट्टी ४१२. ४०४.
सतरा वेळा.
दर वेळी माझ्या सेवेनं नव्यानं विचारलं, तू कोण,
टोकन तपासलं,
अदबीनं सांगितलं, सापडलं नाही,
आणि विसरून गेली.
विसरायला मीच शिकवलंय तिला.
आमच्यात तो गुण समजतात.

अप्पा माणसाच्या चालीवरून
त्याच्या चुलत्याचं गाव सांगतात.

सकाळी लाल कापडाची वही उघडली. ४१२:
वीज गेली तेव्हाची, काटा बंद, पेन्सिलीनं.
हमाली, गौस महेबूब, एकशे चाळीस पोती.

नोंद हातानं घातली.
मग ४०४च्या उत्तरात एक ओळ वाढवली:
सापडलं नाही. खाली अप्पांना विचारा.

पहिल्या झटक्यात कंपाइल झालं.
एरवी प्रत्येक संदर्भाला
तुझं आयुष्य किती, म्हणून विचारणारा तो,
या ओळीवर काही बोलला नाही.