घरजावई

मोटारसायकलवाला साहेब अंगणात बसला,
गुडघ्यावर कागद, कागदावर चौकोन.
शेतात झाडं का नाहीत?
बकऱ्या, म्हणाला माझा नवरा लिंबिकानी.
साहेबानं बकऱ्यांपुढे खूण केली.
रोपं लांबून आणावी लागतात? हो. खूण.
ऐन लागवडीत हात कमी पडतात? हो.
सावलीनं मका मरेल असं वाटतं?
यावर मात्र लिंबिकानी हसला.
मसांगूचं झाड त्याला कोण शिकवणार!
पाऊस आला की अंगावरचं सगळं उतरवून उभं राहतं,
मक्याला ऊन पोचू देतं,
आणि कोरड्या महिन्यांत, सगळं रान करपलेलं असताना,
हिरवंगार. उलट्या डोक्याचं झाड.

खुणा सगळ्या खऱ्या होत्या.
खरं कारण तेवढं कुठल्या चौकोनात मावेना.
ते सायकलच्या कॅरिअरवर होतं.
अठरा वर्षांपूर्वी देडझाहून तो उतरला
त्याच सायकलवर: एक ब्लँकेट, एक कुदळ.

आमच्यात नवरा नांदायला येतो.
जमीन माझ्या आईची, तिच्या आईची,
आणि शब्द मामाचा.
उद्या मी आधी गेले,
तर सुतक सरल्यावर मामा त्याला
ब्लँकेट देईल, कुदळ देईल,
रस्त्याला पुरेल इतकं पीठही देईल,
माणूस वाईट नाही तो.
पण झाड कॅरिअरवर बांधता येत नाही.

म्हणून मका.
मका चार महिन्यांत हिशेब मिटवतो.

साहेब गेल्यावर मी कणगीमागच्या तुकड्यात गेले.
दोरी धरून ओढावेत तसे वरंबे,
त्याच्या हाताचं गावात नाव आहे.
सातवा वरंबा मध्येच वाकलेला,
दारात पोटुशी उभी असली की
आपण अंग चोरून जातो ना, तसा.
वाकणात ढोपराएवढी काटेरी काडी,
भोवती फांद्यांचं कुंपण, बकरीचं तोंड शिरू नये असं.

रात्री विचारलं, लावलंस?
म्हणाला, छे, मी कुठे?
आपोआप आलं. मी नुसती कुदळ वळवली.

पुढच्या लागवडीला आणखी दोन वरंबे वाकले.
मामा बांधावर काठी टेकून
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, जावई, रेघ चुकायला लागली तुझी.

वय झालं मामा,
लिंबिकानी म्हणाला,
नीट दिसत नाही हल्ली.