जुनी मोजणी

घोडबंदर रस्त्यावर ट्रेलरांची रांग जिथे अडते
तिथेच नागल्याचं फाटक.
माणशी एक चिठ्ठी: नाव, गाव, परतायची वेळ.
‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, पाहणे.
चौतीस वर्षांपूर्वी साखळी, झेंडे आणि दोन हमाल घेऊन
याच फाटकातून शिरलो होतो
तेव्हा लिहिलं होतं, मोजणे.

पुढे सुकरी दुमाडा.
वनखात्याचा खाकी शर्ट, त्याखाली गुडघ्यापर्यंत लुगडं.
कोयता नाही. आता परवानगी नाही. नुसती काठी,
ती ती पाचोळ्यावर आपटते,
साप असेल तर त्याला आधी कळावं म्हणून.
मागे आम्ही पाच.
तिघांना फुलपाखरं हवी आहेत,
कासारवडवलीच्या एकतिसाव्या मजल्यावरच्या निहारला हवी आहे लढाई.

फलक सापडला. साल उन्हानं खाल्लेलं:
सतराशे, आणि पुढे गंज.
कुडा, काकड, ऐन,
एवढ्या दाटीत घोडे कसे दौडले असतील, निहार विचारतो.
सुकरी थांबते. “कंची लढाई?”
थट्टा नाही, तिला खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

चढ. मग एकदम उघडीप, खाली खाडी,
रेतीची होडी चिखलात टेकलेली,
पलीकडे वसईचा किनारा धुरकट.
इथे बुरुजाचा एक कोपरा उरला आहे.
पिंपरीनं तो मुळांच्या मुठीत असा धरलाय
की तिनं सोडलं तर दोघंही पडतील.
माझ्या नकाशात इथे एक चौकोन होता,
नखाएवढा,
आणि आत बारीक अक्षरात: पडीक दगडकाम, निरुपयोगी.
अक्षर माझंच.
मी काही बोललो नाही.

“तुमचे लोक होते का लढाईत?” निहार.
“वाट दाखवाला आसतील. वाट आमालाच ठाव.”
“कोणाच्या बाजूनं?”
“ज्यानं रातचं दार ठोकलं, त्याच्या.”

मग ती बसते, तंबाखू मळते,
आणि विचारलं नसताना सांगते,
लहान असताना पावसानं धुतलेल्या या उतारावर
शिशाच्या गोळ्या मिळायच्या, बोराएवढ्या.
बंदरावरचा हसूर कोळी मूठभर गोळ्यांना
मूठभर सुकट द्यायचा.
तो त्या जाळ्याला बांधायचा. जाळं सरळ तळाला जायचं.
“त्या जाळ्यातलं बोईट खाल्लंय आमी,” ती म्हणते,
“ग्वाड होतं.”

कोणीतरी कोणावर रोखलेली,
चुकलेली गोळी
एवढ्या वर्षांनी
मासे धरत होती.
माझ्या साखळीला एकशे एक कड्या होत्या की शंभर,
आता आठवत नाही.

उतरताना बुटाची नाडी सुटली.
वाकलो, तर पाचोळ्यात काहीतरी करडं, गोल, थंड.
सुकरीनं तळहातावर फिरवून परत दिलं.
“दगडावं घासा. चटका बसला तं सागरगोटा.
बोट काळं झालं तं शिसं.”
दगड समोरच होता.
लहानपणी चेंदणीच्या शाळेत मी सागरगोटे घासून
पुढच्या बाकावरच्या मानेला लावायचो,
तो किंचाळायचा, मला छडी मिळायची.
सगळे माझ्याकडे बघत उभे.
मी नुसता अंगठा फिरवला त्यावर,
एकदा, हळूच,
आणि होतं तिथे ठेवून दिलं.
निहार म्हणाला, “काका, काय हे!”

फाटकावर पिशव्या तपासल्या, पाण्याच्या बाटल्या मोजल्या.
आत नेल्या पाच, बाहेर पाच.
“जंगलातनं काही घेतलं?”
नाही.
परतायची वेळ मी अकरा लिहिली होती. पावणेबारा झाले होते.
गार्डनं काही न बोलता अकरा खोडून पावणेबारा केलं.

रस्ता ओलांडायला जागा मिळेना.
उभ्या उभ्या अंगठा बघितला,
करडं लागलंय, की माती आहे.
चष्मा बॅगेत तळाशी होता.