कोरडा गळ

मार्गशीर्षात पवईचं पाणी जड होतं.
कटला तळाशी जाऊन बसतो,
पेन्शनीत निघाल्यासारखा.
सकाळी सहाला येऊन उपयोग नाही, इनास म्हणतो,
जेवून ये, शालनबाय, बाराला.
ऊन पाण्यात हातभर उतरलं
की तोही येतो जरा वर, पाठ शेकायला.
तेव्हा कणकेचा गोळा लहान, वाटाण्याएवढा,
आणि घाई नाही.
मोरपिसाचा फ्लोट बुडत नाही थंडीत,
नुसती मान हलवतो,
लांबून कुणी ओळख दिल्यासारखी.

एकतीस वर्षं मी महापालिकेत पाण्याचे मीटर वाचले.
पाणी म्हणजे आकडा, एवढंच ठाऊक.
या पाण्याला मीटर नाही. इनास आहे, तुंगव्याचा,
भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांवर
कुठल्या तिथीला काय लागलं, ते लिहून ठेवणारा.

वैशाखात पहाटे जलपर्णीच्या कडेनं
पच् पच् आवाज.
मी गळाला हात घातला तर म्हणाला, थांब,
हे भुकेले नाहीत. घुसमटलेत.
मग नुसतेच बसलो दोघं
समोरच्या टॉवरांचे दिवे विझेपर्यंत.
चिलापी तेवढी घेते, कधीही, काहीही.
चिलापीला ऋतू नाही.
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी, मी म्हटलं,
आणि हसलो खूप.

मागच्या श्रावणात
काठाशी पाण्यावर शेंदरी पुंजका दिसला,
बोटभराची शेकडो पिल्लं, एकत्र उकळणारी.
खाली मरळीचा नर असतो, मला माहीत होतं.
या दिवसांत तो बेडकावर तुटून पडतो
तो पोटासाठी नाही,
पिल्लांवर सावली पडली म्हणून.
इनास चहा आणायला गेला होता.
मी बेडूक दाखवला.

तीन किलो तरी असेल.
इनासनं दोन्ही ग्लास खाली ठेवले.
पिशवीतून वजनकाटा काढलाच नाही.
मी गळ सोडवला, ओठ फाटला थोडा,
आणि सोडून दिलं त्याला. लगेच. दहा मिनिटंसुद्धा नसतील.

तेवढ्यात चिलापी येऊन गेल्या होत्या.

तो त्याच जागी फिरत राहिला,
रिकाम्या पाण्याभोवती,
अंधार पडला तरी.

यंदाही श्रावणात येते मी. छत्री, डबा, काठी.
गळ डबीत, कोरडा.
पुंजका दिसतो का बघते.
इनास विचारत नाही काही.
एवढंच म्हणतो, भादव्यात रोहू खायला उठेल,
पेंड आत्तापासून भिजत घाल.