कुठवर आलं

नाशिकमधला श आधी गेला.
सीबीएसवर कंडक्टर ओरडायचा ना–इक, ना–इक,
मला वाटलं त्याचाच दात पडलाय.

मग स गेला. मग फ, थ, ख,
सगळी फुंकरीची अक्षरं.
काने तेवढे राहिले, भाडेकरू गेल्यावर
भिंतीत राहतात तसे खिळे.
त्यांच्यावर मी अंदाजाने शब्द टांगते.
सात की आठ, ते भाजीवालीच्या बोटांवर बघते.

नाना तांबट लेनमध्ये घागरी ठोकायचे.
एका टिचकीत सांगायचे, पत्रा कुठे पातळ झालाय.
पन्नाशीनंतर टिचकी मारून तळहात टेकवून थांबायचे.
आम्ही म्हणायचो, धंद्याचा गुण.
बहिरे कोणी म्हणालं नाही,
त्यांनी तर नाहीच.

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख काढला.
रेघ डावीकडून निघते
आणि घाटाच्या पायऱ्यांसारखी उतरत जाते.
पुढचं त्या कागदाकडे बघत बोलल्या,
म्हणजे माझ्याशी बोलल्याच नाहीत.
ओजसने रिक्षात वहीवर लिहून दिलं:
दर वर्षी थोडं थोडं.

जाऊबाईंनी एकदा भावाचं काही सांगितलं.
मी हसले. म्हणाले, वा, छान झालं.
तो वारला होता.

तेव्हापासून लग्नकार्यात मी वाढपी होते.
वाढणाऱ्या बाईला कोणी गोष्ट सांगत नाही,
पुरे एवढंच म्हणतात, तेही हाताने.

रविवारी संध्याकाळी शालिमारच्या मागे
एका टपरीवर बहिऱ्यांचा घोळका जमतो.
गुलनार मला तिथे घेऊन गेली.
पहिल्याच चहाला एकाने विचारलं,
बहिरी? ऐकणारी?
मी पंजा हवेत हलवला, असा, असा.
त्यांना ते पटलं नसावं. साखर मात्र पुढे केली.
माझे हात अजून मराठीत अडखळतात,
आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद.
त्यांचे विनोद संपून चहा गार होतो
तेव्हा मला हसू येतं.
इथेही उशीर.

तेवढ्यात पाठीमागून टेम्पोने हॉर्न दिला
आणि मी एकटीच वळले.

दहाजणांनी ते पाहिलं.
खिशात परकं पाकीट सापडावं तशी मी उभी.
गुलनारने कपबशी खाली ठेवली,
कानापाशी बोट नेलं, मान झटकन वळवली,
आणि माझ्याकडे दाखवलं.
सगळ्यांनी ती खूण एकेकदा करून पाहिली.
ते माझं नाव.

घरी जाताना नदीवर थांबले.
पाणी गढूळ, दुतोंड्या मारुतीच्या पोटऱ्यांपर्यंत.
एक तोंड इकडे, एक तिकडे.
माणसाला म्हटलं तर ही शिवी आहे,
त्याला आपण नारळ फोडतो.

रात्री मशीन काढून डबीत ठेवलं.
पंखा गेला, कुकर गेला, शेजारचा टीव्ही गेला.
हे मला आवडतं. हे मी घरात सांगितलेलं नाही.

ओजस दारात आला. दिवा दोनदा लावला, विझवला,
हे त्याचं त्यानेच शोधलंय.
मग तळहात आडवा गुडघ्याशी धरला,
कंबरेशी नेला,
भुवया वर करून थांबला.

मी त्याचा हात धरून
जरा वर सरकवला.