अर्थाला धक्का न लावता

ओबनच्या धक्क्यावर, मासळीच्या दुकानावरच्या खोलीत
मला पगार मिळतो तो एवढ्यासाठी:
जुना प्रोग्राम घ्यायचा, वेगवान करायचा,
अर्थाला धक्का न लावता.

बोटींचं वेळापत्रक. अकरा बोटी,
प्रत्येकीचा आत एक छोटा कारभारी,
आणि सगळ्यांत मिळून एकच वही.
कुणी सांगतो, भरती साडेसहाच्या आधी नाही.
वहीत चढतं. खोडायची सोय नाही.
कुणी विचारतो, खलाशी पुरे आहेत का?
वहीत उत्तर असेल तर पुढे जातो,
नसेल तर तिथेच बसतो,
कुरकुर नाही, घड्याळाकडे बघणं नाही.

मी एकेक नाव धरून उलगडते
लुगडं उलगडावं तसं, पदर हाती येईपर्यंत.
वहीत आहेच ते पुन्हा विचारणारा प्रश्न काढते,
जी वाट कधीच उघडणार नाही ती बुजवते,
आणि घडी घालते परत, नव्या रेषेवर.
घडी चुकली तर
हा म्हणतो तू सांग, मग मी.
तो म्हणतो आधी तू.
आणि पहाटेची बोट दोर न सोडता उभी.
मंगळवारी झालं असं. चाचणीतच, नशीब.

आता चाळीस मिनिटांचं काम तीन मिनिटांत होतं.
इश्बेल मॅकफी, जिनं हे सगळं पहिल्यांदा लिहिलं,
गुडघा सांभाळत जिना चढून आली.
काय बदललंस?
म्हटलं, काहीच नाही.
म्हणाली, मग चांगलं केलंस.

एक उरलाय.
चारशे बाराव्या ओळीवर एक कारभारी बसलाय, विचारतोय,
आर्डव्हूरहून कंदील दिसला का?
आर्डव्हूरची जेट्टी बंद होऊन सव्वीस वर्षं झाली.
वहीत हे लिहिणारं आता कुणी नाही,
अख्खा प्रोग्राम चाळला, कुणीच नाही.
म्हटलं, काढूया. सिद्धता लिहायला घेतली.
पान भरलं, दुसरं भरलं,
शेवटच्या ओळीला गाडी अडली.

तो असताना, सगळ्या बोटी लागल्यावर
प्रोग्राम म्हणतो: थांबलोय.
तो काढला की म्हणतो: संपलं.
बोटींना काय त्याचं, त्या त्याच वेळेला सुटतात.
प्रवाशाला कळणार नाही, कप्तानालाही नाही.
पण थांबलेला आणि संपलेला
हे दोन शब्द मीच एका घडीत घातले
तर इतके दिवस जपत होते ते काय?

किती खातो गं तो? इश्बेलनं विचारलं.
काही नाही. नुसता बसून असतो.
मग बसू दे.
खिडकीशी सीगल चोच आपटत होता,
तिनं त्याला हाकललं नाही,
चष्मा पुसला, परत चढवला,
पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत राहिली.
ओळ तिच्याच हातची. शेजारी तारीख, नोव्हेंबरातली.
कंदील कुणाचा, ते नाही.

मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
उत्तर वहीत येईपर्यंत बसावं लागलं असतं.

सहा पस्तीसची बोट
सहा पस्तीसला सुटली.